मुन्याओच्या घरचं पाणी

१

थ्वाके नदीत पाणी असं नसतंच. असते ती वाळू. पावसाचे चार आठवडे सोडले तर बाकी वर्षभर बायका त्या वाळूत हातांनी झिरे खणतात, तळाशी पाणी गोळा होईपर्यंत बसून राहतात, आणि भोपळ्याच्या वाटीने ते तुंब्यात भरतात. कातुंगेचा सगळा जन्म याच कामात गेला होता. तांबडं फुटायला ती घरून निघायची. दोन मोठे तुंबे पाठीवर, त्यांचा पट्टा कपाळावर. जाताना उतार, येताना चढ. घरी आली की झोपडीत शिरल्यावर डाव्या हाताला जमिनीत निम्मं पुरलेलं मडकं होतं, ते काठोकाठ भरायचं, वर लाकडी झाकण, झाकणावर वाटी पालथी. मग दार ओढून घ्यायचं आणि शेतावर जायचं.

घरात दोघीच. ती आणि तिची सासू कामेने. कामेने दिवसभर बाहेर उंबराखाली घायपाताचा दोर मांडीवर वळत बसायची आणि शेळ्यांवर डोळा ठेवायची.

कातुंगेचा नवरा मुन्याओ गोऱ्यांच्या लढाईवर गेला त्याला चार वर्षं झाली होती. लढाई संपून वर्ष उलटलं. पलीकडच्या टेकडीवरचे, नदीपारचे, सगळे गेलेले जवान परत आले होते. कुणी बूट घालून आले, कुणी कुबडी घेऊन. मुन्याओचा मात्र एक कागद आला होता, तोही दोन वर्षांपूर्वी. कचेरीतल्या कारकुनाने तो वाचून दाखवला. जहाज बुडालं. मुन्याओ बेपत्ता.

"बेपत्ता म्हणजे मेला?" कातुंगेने विचारलं होतं.

"मेला असं लिहिलेलं नाही, बाई. सापडत नाही असं लिहिलंय."

कामेनेने तेवढंच धरून ठेवलं. "सापडत नाही म्हणजे कुठेतरी आहे," ती म्हणायची. "शेळी सापडत नाही तेव्हा ती मेली म्हणतो का आपण?"

कातुंगेला मूल नव्हतं. रडायचं तर कोणत्या दिवसापासून रडायचं, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२

एका दुपारी ती शेतावरून परतली, झाकण उचललं, आणि पाणी एक बोटभर खाली गेलेलं दिसलं.

एक बोट म्हणजे फार नाही. सासूने प्यायलं असेल. पण झाकणावरची वाटी उताणी होती, आणि कामेने वाटी उताणी ठेवणारी बाई नव्हती. उताण्या वाटीत पाल पडते म्हणून तिने सुनेला पहिल्याच आठवड्यात झापलं होतं.

दुसऱ्या दिवशीही एक बोट. तिसऱ्या दिवशीही. वाटी उताणी.

कातुंगे विचार करणारी बाई होती. तिने आधी मडकं तपासलं. बाहेरून हात फिरवला, पुरलेल्या भागाभोवतीची माती उकरून पाहिली. माती कोरडी ठणठणीत. मग उंदीर म्हणावं तर उंदराला झाकण उचलता येत नाही. ऊन फार म्हणावं तर उन्हाने वाटी उलटत नाही. तिने दाराच्या खुंटीला बाहेरून दोर गुंडाळून एक अशी गाठ मारली, जी तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती. परत आली तेव्हा गाठ होती तशीच होती. आत पाणी दोन बोटं खाली गेलं होतं.

तिने वाटी उजेडात आणली. काठाला एका जागी पांढरी कड धरली होती, ओठ टेकतात तिथे. तिने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावली.

मीठ होतं. त्यांच्या घरात मीठ संपून सहा दिवस झाले होते.

३

"आई, दुपारी पाणी तुम्ही पिता का हो?"

कामेने दोर वळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "मी माझ्या तुंबीतलं पिते. ही काय इथे ठेवलीय."

"मग मडक्यातलं कोण पितं?"

"पिणारा पितोय ना? पिऊ दे."

"पण कोण?"

म्हातारीने मान वर केली. गेल्या दोन वर्षांत कातुंगेने तिचा चेहरा असा पाहिला नव्हता. उजळलेला, लाजलेला, नव्या नवरीसारखा. "तू वाटी पालथी नको घालत जाऊस," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला लहानपणापासून पालथी वाटी आवडत नाही. म्हणायचा, घर नको म्हणतंय असं वाटतं."

कातुंगेला राग आला. म्हातारीचं डोकं फिरलंय, तीच दुपारी आत जाऊन पितेय आणि वर हे असलं बोलतेय. मीठ कुठून आलं? शेजारणीकडून मागून आणलं असेल. गाठ? सोडून परत मारली असेल. म्हाताऱ्या माणसांचे हात हुशार असतात.

एवढं सगळं स्वतःला पटवून ती झोपडीत गेली, आणि वाटी उताणी ठेवून आली.

त्या आठवड्यात पाणी चार बोटं उतरलं. पुढच्या आठवड्यात निम्मं मडकं. तिला दिवसातून दोनदा नदीवर जावं लागलं, आणि झिऱ्यावरच्या बायकांना थट्टेला विषय मिळाला.

"काय गं कातुंगे, घरात हत्ती पाळलायस की काय?"

"दोन बायका, सहा शेळ्या, आणि पाणी नेतेय लग्नघराला पुरेल एवढं!"

"अगं, दीर येतो ना हिचा आंघोळीला!"

सगळ्या हसल्या. कातुंगेही हसली. हसली नसती तर त्यांनी विचारलं असतं.

४

दीर म्हणजे मुलवा. मुन्याओच्या पाठचा. ओढ्यापलीकडे त्याचं घर, बायको, तीन मुलं. मनाने सरळ माणूस, पण थट्टेशिवाय त्याला बोलता यायचं नाही. त्या दिवशी मात्र तो थट्टा न करता आला, आणि त्याच्या मागून दोन म्हातारे काठ्या टेकत आले. कशासाठी आले ते कातुंगेने ओळखलं.

"वहिनी," मुलवा म्हणाला, "किती दिवस असं अधांतरी राहायचं? त्याच्या नावाचा बोकड कापू, रडून घेऊ, आणि तुम्ही आमच्या अंगणात या. माझ्या बायकोची हरकत नाही. ती म्हणते, कामाला दोन हात वाढतील."

"आणि आई?"

"आईलाही नेऊ. उचलून न्यावं लागलं तर उचलून नेऊ. हलकीच आहे."

म्हाताऱ्यांपैकी थोरला खाकरला. "पोरी, तू एकदा म्हणायला हवंस. बायकोने म्हटल्याशिवाय बोकडावर सुरी धरता येत नाही. म्हण, माझा नवरा मेला."

तीन शब्द होते. कातुंगेने तोंड उघडलं. झोपडीचं दार तिच्या पाठीमागे होतं, बंद. आणि त्याच वेळी आत, अगदी शांतपणे, लाकडी झाकण मडक्यावर टेकल्याचा आवाज झाला. घरातलं कुणी पाणी पिऊन झाकण ठेवतं, तसा.

मुलवाने दाराकडे पाहिलं. "आई आत आहे का?"

कामेने समोर उंबराखाली बसली होती. मुलवानेही तिला पाहिलं.

"मला पुढच्या बाजारापर्यंत वेळ द्या," कातुंगे म्हणाली.

५

बाजाराला तीन दिवस होते तेव्हा किमेउ आला.

उन्हं कलली होती. वाटेवरून एक माणूस लष्करी सदरा घातलेला, कमरेला पत्र्याची पाण्याची बाटली लावलेला, सरळ चढून आला. कुठेही न थांबता, कुणालाही न विचारता. चेहऱ्यावरची कातडी ठिकठिकाणी सोलून परत धरल्यासारखी गुलाबी होती. त्याने आपलं नाव सांगितलं, नदीपार दोन दिवसांवरचं गाव सांगितलं.

"मी मुन्याओबरोबर होतो, वहिनी. जहाजावर. आणि नंतर तराफ्यावर."

कामेनेने दोर टाकून दिला. कातुंगेने त्याला बसायला तिवई दिली. तो झोपडीकडे पाठ करून बसला. पाणी दिलं ते त्याने दोन्ही हातांनी घेतलं, पण प्यायला नाही. स्वतःच्या बाटलीतून एक घोट घेतला, तोंडात धरून ठेवला, मग गिळला.

"जहाज फार पटकन गेलं," तो म्हणाला. "आम्ही चौदाजण एका तराफ्यावर चढलो. चोहीकडे पाणी, आणि प्यायला थेंब नाही. खारं पाणी प्यायलं की माणूस वेडा होतो, म्हणून आम्ही एकमेकांचे हात धरून ठेवायचो. मुन्याओ आम्हाला घर सांगायचा. रोज. दुसरं बोलायला होतं काय? नदी सांगायचा, चढ सांगायचा. दोन खडकांमधून वर या, उंबर दिसेल. दार ठेंगणं आहे, वाका. आत शिरलात की डाव्या हाताला मडकं. माझी बायको सकाळी भरून ठेवते, दुपारपर्यंत ते गार होतं. आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं, वहिनी. मी आज कुणाला वाट विचारली नाही, पाहिलंत ना?"

कातुंगेने मान हलवली.

"सहाव्या दिवशी, दुपारी, तो उठून उभा राहिला. वेडा वाटत नव्हता. जेवणावरून हात धुवायला उठावं तसा उठला. म्हणाला, अरे, घर तर इथेच आहे. जरा पाणी पिऊन येतो. आणि उतरला."

"पाण्यात?" कामेनेने विचारलं.

"उतरला, आई. उडी नाही मारली. पायरी उतरावी तसा." किमेउने बाटलीचं बूच लावलं, काढलं, परत लावलं. "तो गेला. आणि थोड्या वेळाने त्याची हाक आली. तुम्हाला खोटं वाटेल. मलाही वाटतं. पण आम्ही सगळ्यांनी ऐकली. या रे, पाणी गोड आहे, सगळ्यांना पुरेल. मग ते एकेक करून उठले. त्या दिवशी तिघं, दुसऱ्या दिवशी चौघं, असे दहाजण त्याच्या मागून गेले. माझा पाय दोरात अडकला होता म्हणून मी राहिलो. आणखी दोघं राहिले, ते शुद्धीवर नव्हते."

शेळीने कुठेतरी घंटा हलवली. मग तीही थांबली.

"तुम्ही हे सांगायला एवढ्या लांब आलात?" कातुंगे म्हणाली.

"नाही." तो मान खाली घालून बसला होता. "मी विचारायला आलो. तो पोचला का?"

किमेउने एकदाच, अगदी हळू, मान वळवून दाराकडे पाहिलं. मग तो उठला. "मी निघतो, वहिनी. मलाही हाक मारली होती त्याने. इथे जास्त वेळ बसणं बरं नाही."

तो उतरून जाईपर्यंत कामेने हालली नाही. मग तिने कातुंगेचं मनगट धरलं.

"दहाजण?" ती म्हणाली. "माझा एक मुलगा गेला होता. मी एकट्याची वाट पाहत होते."

६

कामेनेला उचलून न्यावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आपली तिवई आणि दोराची गुंडाळी उचलली, शेळ्या पुढे घातल्या, आणि ओढा ओलांडून धाकट्या मुलाकडे गेली. जाताना झोपडीत शिरली नाही. "तूही चल," एवढंच म्हणाली. कातुंगे गेली नाही.

का गेली नाही, ते तिला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. भीती वाटत होतीच. पण किमेउच्या बोलण्यातली एकच गोष्ट तिच्या मनात राहिली होती. त्याची हाक. सगळ्यांना पुरेल. मुन्याओ असाच होता. लग्नातही पाहुण्यांना वाढून झाल्यावर त्याच्या पानात खरपुडी उरली होती. मग त्याने अजून घोट तरी घेतलाय का?

त्या दिवशी तिने पहाटेपासून दोन खेपा केल्या, मडकं भरलं, आणि शेतावर गेली नाही. झोपडीत चुलीच्या दगडाशी, भिंतीला पाठ लावून बसली. दार उघडं ठेवलं. झोपडीला खिडकी नव्हती. उजेड येईल तो दारातून, आणि जमिनीवर त्याचा एक लांबट तुकडा पडलेला. तिने त्या तुकड्यावर नजर ठेवली आणि वर बघायचं नाही असं ठरवलं.

सूर्य डोक्यावर आला. बाहेरची पाखरं गप्प झाली.

उजेडाचा तुकडा काळवंडला. दारात कुणी वाकून आत आलं की होतो तसा. मग परत उजळला. परत काळवंडला. परत उजळला. ती मोजत होती. मोजता मोजता नाकात एक वास आला, ओल्या खाकी कापडाचा आणि कसला तरी, जो तिला ओळखू आला नाही, कारण तिने समुद्र कधी पाहिला नव्हता. झोपडी भरत गेली. कुणाचा धक्का लागला नाही, पण गर्दीत अंग चोरून बसतो तशी ती आपोआप अंग चोरत गेली.

दहा.

झाकण निघालं. वाटी बुडाल्याचा आवाज. मग गिळण्याचा. अधाशी नव्हता तो. कुणी ढकलत नव्हतं, कुणी हिसकावत नव्हतं. पाहुण्यांसारखे पीत होते. वाटी हातोहात जात होती आणि परत येत होती, आणि एकदा ती नजरेच्या टप्प्यात आली तेव्हा तिला धरलेली बोटं दिसली. रात्रभर भिजत घातलेल्या मक्याच्या दाण्यांसारखी, फुगलेली, पांढुरकी.

कातुंगेने डोळे मिटून घेतले. तिला वाटलं, मी इथे एकटीच आहे. उपाशीपोटी बसलेय, उन्हाने डोकं भणाणलंय, सासू गेलीय, रिकाम्या झोपडीत मला माणसं दिसतायत. बायकांचं असं होतं.

वाटी मडक्याच्या तळाला खरखर घासली.

शांतता. मग उजेड पुन्हा काळवंडला, आणि या वेळी उजळला नाही. कुणीतरी दारातच उभं होतं. आत येत नव्हतं. डावा खांदा चौकटीला टेकवून, एका पायावर भार देऊन उभं राहिलं की सावली कशी पडते ते कातुंगेला चार वर्षांनीही माहीत होतं.

"पाणी संपलं," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "थांबा जरा. मी आणते."

ती तुंबे घेऊन उठली. दार ठेंगणं होतं, वाकावं लागायचं. ती वाकली, डोळे मिटले, आणि त्याच्या बाजूने बाहेर पडली. एवढंच कळलं की भर दुपारी तिच्या उजव्या दंडाला गारवा लागला.

ती पळत उतरली. पण झिऱ्यात पाणी गोळा व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. ती परत आली तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या आणि दारात कुणी नव्हतं.

७

बाजाराच्या दिवशी मुलवा आला. सोबत म्हातारे होते, बोकडही होता. कातुंगे अंगणाच्या टोकाशीच त्यांना सामोरी गेली.

"मी म्हणणार नाही," ती म्हणाली.

"वहिनी, असं काय करता? एकट्या राहणार का इथे? लोक काय म्हणतील मला?"

"तुम्ही चांगले आहात, भावोजी. पण मी आत्ता सोडून गेले तर घरात पाणी भरायला कुणी नाही."

मुलवा तिच्याकडे बघत राहिला. त्याला ते झाकण आठवलं असावं. त्याने थट्टा केली नाही, जबरदस्तीही केली नाही. बोकड घेऊन ते तिघं आले तसे गेले, आणि त्यानंतर त्या अंगणात माणसाचा पाय पडला नाही. झिऱ्यावरच्या बायकाही तिच्याशी बोलेनाशा झाल्या. ती आली की सरकून जागा द्यायच्या, एवढंच.

तिने शेत सोडून दिलं. माहेरून आलेलं दुसरं मडकं होतं, ते पहिल्याशेजारी पुरलं. मुलवाच्या बायकोने, कुणाला न सांगता, एक तिसरं ओढ्याकाठी आणून ठेवलं. कातुंगे तेही घेऊन आली. पाच खेपा करायला तिला दोन दिवस लागायचे, आणि मधल्या दुपारी भरलेलं संपून जायचं; मग ती रात्रीही उतरू लागली. कपाळावर पट्ट्याचा वळ उठला तो उतरेना. आणि महिना संपता संपता एका सकाळी तिन्ही मडकी काठोकाठ भरली.

ती चुलीशी बसली. दुपार झाली. उजेड दहा वेळा काळवंडला, दहा वेळा उजळला. ते प्यायले. पहिलं मडकं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याला हात लागला नाही. मग चौकटीशी ती सावली येऊन उभी राहिली, डावा खांदा टेकवून.

कातुंगेने वाटी बुडवली, भरली, आणि खाली बघत गुडघ्यांवर सरकत दाराशी गेली. दोन्ही हातांनी वाटी वर धरली. ती हातातून घेतली गेली. बोटांना बोटं लागली. गार होती, खरखरीत होती, आणि तिला रडू फुटलं, कारण ती तिच्या ओळखीची होती.

तो प्यायला. सावकाश, थांबत थांबत, शेवटच्या थेंबापर्यंत. मग त्याने वाटी तिच्या हातात परत दिली.

"आता आत या," ती म्हणाली. "बसा. किती लांबून आलात."

त्याचा आवाज तोच होता. थकलेला, थोडा ओशाळलेला. अचानक पाहुणे घेऊन येणारा माणूस जसा बायकोशी बोलतो तसा.

"कातुंगे," तो म्हणाला, "वाटेत आणखी भेटले गं. जहाजावरचेच. मी घर सांगितलं त्यांना."

तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्याकडे नाही. त्याच्या बाजूने, दाराबाहेर. अंगण रिकामं होतं. उंबर होता, त्याच्याखाली दोन खडक, आणि दोन खडकांमधून नदीपर्यंत गेलेली वाट. पांढऱ्याफटक उन्हात त्या वाटेवर, खडकांपासून खाली वाळूपर्यंत आणि वाळूच्याही पलीकडे, माणसं उभी होती. एकामागे एक. निथळत. कुणी बोलत नव्हतं, कुणी पुढे घुसत नव्हतं. सगळ्यांची तोंडं तिच्या दाराकडे होती.

तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली.

मग तिने दोन्ही तुंबे उचलले, पट्टा कपाळावर घेतला आणि वाकून बाहेर पडली. नदीला जायला दुसरी वाट नव्हती.